टोमॅटोचे झाड का रुसते?

घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीतल्या कुंडीत तुमच्यापैकी अनेकांनी टोमॅटो लावून पाहिला असेल. टोमॅटोचे बी रुजायला मोठे कष्ट पडत नाहीत. खरकटे टाकलेल्या आळ्यातसुद्धा ते आपोआप उगवते. रोप भराभर वाढते, कमरेइतके उंच होते, पिवळी फुलेही येतात. घरातली सगळी माणसे पहिल्या टोमॅटोची वाट पाहू लागतात. आणि मग एके दिवशी कुंडीखाली फुलांचा सडा पडलेला दिसतो. कधी फळे धरतात, पण सुपारीएवढीच राहतात. कधी ती मोठी होतात, पण त्यांची बुडे काळी पडतात. कधी सगळी पानेच गोळा होऊन झाड बोकाळल्यासारखे दिसते.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची उणीव नसते. कोणी म्हणते, “खत कमी पडले, युरिया टाक.” कोणी म्हणते, “पाणी वाढव.” कोणी म्हणते, “औषध मार.” आणि एखादी आजी म्हणते, “दृष्ट लागली!” गंमत अशी, की यांतला कोणताही सल्ला देण्यापूर्वी झाडाकडे नीट पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. डॉक्टर रोग्याची जीभ, नाडी, डोळे पाहिल्याशिवाय औषध लिहून देत नाहीत. मग झाडाला तरी न तपासता औषध का द्यायचे?

झाड रुसत नाही की फुगत नाही. ऊन, पाणी, हवा, माती आणि तापमान यांना ते ठराविक नियमांनी उत्तर देत असते. ते उत्तर पानांवर, फुलांवर, फळांवर आणि मुळांवर उमटलेले असते. ते कसे वाचायचे, हे आज आपण पाहू या.

डोंगरउतारावरचा पाहुणा

टोमॅटो आज आपल्या रोजच्या आमटीत आणि कोशिंबिरीत असला, तरी तो मूळचा आपल्याकडचा नाही. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताच्या परिसरात, म्हणजे पेरू, इक्वेडोर या देशांत आढळतात. त्याची लागवड मेक्सिकोत भरभराटीला आली. तिथल्या नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरूनच टोमॅटो हे नाव आले. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो युरोपात नेला, आणि भारतात तो पोर्तुगिजांबरोबर आला असे मानले जाते. वांगी, मिरची आणि बटाटा ही त्याची भावंडे. सारी एकाच कुळातली.

हा इतिहास केवळ करमणुकीसाठी सांगितला नाही. त्या डोंगराळ मुलखात दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असतो. टोमॅटोच्या झाडाचा स्वभाव अशा हवेत घडला आहे. भरपूर ऊन, कोरडी हवा, थंड पण गोठवणारी नव्हे अशी रात्र, आणि पाणी साचू न देणारी जमीन एवढ्या त्याच्या मागण्या आहेत. त्यांतली एखादी पुरी झाली नाही, की तक्रार सुरू होते.

झाड हिरवेगार, पण फूल नाही

पहिली तक्रार घेऊ. झाड उंच वाढले आहे, पाने मोठी, गर्द हिरवी आणि लुसलुशीत आहेत. पण फुलांचा पत्ता नाही. येथे खत कमी पडलेले नसून बहुधा जास्त झालेले असते.

नत्र हे पानांचे अन्न होय. प्रथिने आणि हरितद्रव्य तयार होण्यासाठी झाडाला नत्र लागते. युरियाच्या १०० ग्रॅममध्ये तब्बल ४६ ग्रॅम नत्र असते. शेताच्या मानाने ठरवलेले हे खत कुंडीत मूठभर पडले, तर झाड पाने आणि फांद्या करण्यातच गुंतून राहते.

या प्रश्नाचा पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतील ओरेगॉन येथे क्राउस आणि क्रेबिल या दोन शास्त्रज्ञांनी केला. त्यांचा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला, आणि प्रयोगासाठी त्यांनी निवडलेले झाड टोमॅटोचेच होते. झाडाने उन्हात तयार केलेले पिष्टमय पदार्थ आणि मुळांनी घेतलेले नत्र यांच्या प्रमाणाकडे त्यांनी लक्ष वेधले. नत्र भरपूर आणि पिष्टमय पदार्थ त्या मानाने कमी असले, तर झाड नुसते वाढते, फळत नाही. दोन्हींचा मेळ बसला, की झाड फळते. नत्र फारच कमी पडले, तर झाड खुरटते आणि तेव्हाही फळत नाही. पुढील संशोधनाने दाखवून दिले, की फळणे हे एवढ्या एकाच प्रमाणावर अवलंबून नसते. संप्रेरकांचाही त्यात मोठा वाटा असतो. तरीसुद्धा बागेत काम करणाऱ्याला हा नियम आजही उपयोगी पडतो.

आता नियमातील दुसऱ्या बाजूकडे पाहा. पिष्टमय पदार्थ येतात प्रकाशसंश्लेषणातून, म्हणजे उन्हातून. टोमॅटोला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. ऊन कमी पडले, तर झाड उजेडाच्या शोधात लांबच लांब वाढते, दोन पेरांमधले अंतर वाढते, खोड बारीक राहते. अशा झाडाला खत घालणे म्हणजे अपचन झालेल्या माणसाला लाडू खायला घालण्यासारखे आहे.

तुमच्या गॅलरीत ऊन किती येते, हे अंदाजाने सांगू नका, मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला कुंडीवर ऊन आहे की सावली, याची नोंद करा. येथे भूगोलाचाही उपयोग होईल. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.५ अंशांवर असतो. म्हणून त्या दिवशी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ९० उणे १८.५ उणे २३.५, म्हणजे सुमारे ४८ अंश उंचीवर आणि दक्षिणेकडे दिसतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागातच असतो. आपल्याकडे टोमॅटोचा खरा हंगाम हाच. तेव्हा फक्त उत्तरेकडे उघडणाऱ्या गॅलरीत या काळात थेट ऊन येणारच नाही. तिथे टोमॅटो फळला नाही, तर दोष ना बियाण्याचा, ना खताचा. तिथे अळू किंवा पुदिना लावावा आणि टोमॅटोची कुंडी गच्चीवर न्यावी, हे उत्तम.

फुले आली आणि गळाली

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. ती समजण्यासाठी आधी टोमॅटोचे फूल हातात घेऊन भिंगातून पाहा. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात. मध्यभागी परागकोश एकमेकांना चिकटून एक निमुळती पिवळी नळी झालेली दिसते. या नळीच्या आत कुक्षिवृंत आणि त्याच्या टोकाला कुक्षी असते. फूल खाली मान घालून लटकते. पराग नळीच्या आतल्या बाजूला सुटतात आणि खाली येताना त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. म्हणजे टोमॅटोला दुसऱ्या झाडाची गरज नाही. स्वपरागणाने त्याचे भागते.

मात्र परागांना नळीतून मोकळे व्हायला हादरा लागतो. उघड्या शेतात वाऱ्याने हे काम बऱ्यापैकी होते. काही मधमाश्या ते आणखी चांगले करतात. काळा भुंगा फुलाला पायांनी घट्ट पकडतो आणि पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने पराग भुरभुर खाली पडतात. मध देणाऱ्या आपल्या सातेरी मधमाशीला ही कला साधत नाही; शिवाय टोमॅटोच्या फुलात मकरंद नसल्याने तिला तिथे विशेष आकर्षणही नसते. युरोपातील काचगृहांत पूर्वी मजूर विजेवर चालणारी थरथरती कांडी घेऊन प्रत्येक फुलोऱ्याला लावत असत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियम आणि हॉलंडमध्ये या कामी पाळीव भ्रमरमाश्यांच्या पेट्या ठेवण्यास सुरुवात झाली आणि ती पद्धत जगभर पसरली.

तुमच्या बंदिस्त गॅलरीत ना वारा, ना भुंगा. मग फूल तसेच वाट पाहून गळते. उपाय अगदी सोपा आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव वाळल्यावर, फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकीशी टिचकी मारा. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असेल, तर तो रबरी तुकड्यावर आपटून फुलाच्या देठाला टेकवा आणि खाली काळा कागद धरा. उमललेले फूल निवडले असेल, तर कागदावर फिकट पिवळी भुकटी पडलेली दिसेल. भौतिकशास्त्राचा नादकाटा वनस्पतिशास्त्राच्या कामाला आला!

पण टिचक्या मारूनही फुले गळत असतील तर? मग तापमापी पाहा, आणि तीही रात्रीची. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात टोमॅटोची झाडे नियंत्रित तापमानात वाढवली. त्याने १९४४ साली दाखवून दिले, की फळे धरणे हे मुख्यतः रात्रीच्या तापमानावर अवलंबून असते. रात्र साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असताना फळे उत्तम धरतात. रात्री पारा २१-२२ अंशांच्या वर आणि दिवसा ३२-३५ अंशांच्या वर राहू लागला, की परागांची संख्या आणि जोम दोन्ही घटतात. काही जातींत कुक्षिवृंत लांबून नळीच्या बाहेर येतो आणि पराग कुक्षीला चुकतात. उलट रात्र १२-१३ अंशांपेक्षा थंड झाली, तरीही परागांचे काम मंदावते.

आता आपल्या गावाचा हिशेब करा. मुंबईत मे महिन्यातील रात्र २६-२७ अंशांच्या खाली फारशी उतरत नाही. तिथे त्या दिवसांत फुले गळणे हाच नियम आणि फळ धरणे हा अपवाद. नाशिक जिल्ह्यातील निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या आसपास येतो. तेवढे दिवस फळधारणा अडते. पठारावरील गावांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकले, साधारण चार आठवड्यांनी रोपे मोठ्या कुंडीत लावली, तर फुलोऱ्याचे दिवस थंडीच्या बेताच्या काळात येतात. फूल धरल्यापासून फळ पिकेपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात, हेही लक्षात ठेवा.

यात आणखी एक बारकावा आहे. उष्णतेचा सर्वांत मोठा फटका उमललेल्या फुलाला बसत नाही. तो बसतो कळीला. फूल उमलण्याच्या सुमारे आठ-दहा दिवस आधी परागकोशात पेशींचे विभाजन होऊन पराग घडत असतात. त्या दिवसांत उकाडा झाला, तर पराग आतून रिकामे राहतात. बाहेरून फूल छान दिसते, पण ते वांझ असते. म्हणून आज फुले गळाली, तर आजच्या हवेला दोष देऊ नका. वहीत मागच्या आठवड्याचे तापमान पाहा. वही ठेवणाऱ्यालाच हे कोडे सुटते.

गळालेले फूल उचलून त्याचा देठ पाहा. मध्यावर एक लहानशी गाठ असते आणि फूल नेमके तिथूनच तुटलेले असते. म्हणजे फूल मोडून पडलेले नाही. झाडाने ते सोडून दिले आहे. फलन झाले, की वाढू लागलेल्या बीजांडांकडून येणारे संप्रेरक या गाठीला धरून ठेवते. ते आले नाही, तर गाठीतील पेशी एकमेकींपासून सुटतात. ज्या फुलातून बी मिळणार नाही, त्यावर अन्न खर्च करायचे नाही, हा झाडाचा काटकसरीचा नियम आहे.

फलन अर्धवट झाले, तर फळ धरते, पण लहान किंवा वेडेवाकडे राहते. एकाच झाडाची मोठी आणि लहान फळे आडवी कापून बिया मोजा. बहुतेक वेळा मोठ्या फळात बिया जास्त आढळतील.

फळाचे बूड काळे का पडते?

फळ छान वाढत असते आणि अचानक देठाच्या विरुद्ध बाजूला पाणचट डाग पडतो. पुढे तो काळा, चामड्यासारखा होतो. पाहणाऱ्याला वाटते, कीड लागली. परंतु सुरुवातीला तिथे ना कीड असते, ना बुरशी. त्या भागाला कॅल्शियम कमी पडलेले असते.

भिंतीत विटा धरून ठेवायला जसा चुना, तसे पेशींच्या भित्तिका बळकट ठेवायला कॅल्शियम. मातीतील कॅल्शियम पाण्यात विरघळून जलवाहिन्यांतून वर चढते. पाणी वर खेचले जाते ते मुख्यतः पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासामुळे. पानांना असंख्य पर्णरंध्रे असतात; टोमॅटोच्या फळाच्या सालीवर मात्र रंध्रे नसतात. खात्री हवी असेल, तर एक पान आणि एक टोमॅटो तोडून टेबलावर ठेवा. पान काही तासांत मलूल होईल, टोमॅटो कित्येक दिवस टणक राहील. म्हणून पाण्याचा आणि त्याबरोबर कॅल्शियमचा मोठा ओघ पानांकडे जातो. फळाच्या वाट्याला थोडाच येतो. फळाला साखर पुरवणाऱ्या रसवाहिन्यांतून कॅल्शियम जवळजवळ वाहतच नाही. फळाचे बूड हे तर या वाटेचे शेवटचे टोक. शेवटच्या घराच्या नळाला पाणी कमी येते, तसाच हा प्रकार.

आता कारण उघड होते. दोन दिवस कुंडी कोरडी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतले, असे चालले, की ओघ तुटतो आणि नेमक्या वाढत्या फळाला कॅल्शियम मिळत नाही. पुष्कळ लोक कुंडीत अंड्याची टरफले टाकतात. टरफलांत कॅल्शियम असते हे खरे, पण ते मातीत फार सावकाश विरघळते. आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतेच, ते पोचवणारे पाणी अनियमित असते. तेव्हा रोज ठराविक वेळी बेताचे पाणी द्या आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. नत्रखताचा अतिरेकही टाळा. डाग पडलेले फळ बरे होत नाही. ते काढून टाका. पाणी नियमित झाले, की पुढची फळे बहुधा चांगली येतात. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाल्याने पिकती फळे तडकतात, तोही याच अनियमितपणाचा परिणाम.

माती ओली, तरी झाड मलूल

याउलट काही घरांत माया इतकी उतू जाते, की झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी मिळते. कुंडीचे भोक बुजलेले असते. माती ओलीचिंब, आणि पाने मात्र खाली वाकलेली. “तहान लागली असेल” म्हणून आणखी पाणी घातले जाते!

आपल्या शेतकऱ्यांजवळ यासाठी एक फार नेमका शब्द आहे, ‘वाफसा’. जमिनीत ओल आणि हवा यांचा योग्य मेळ असलेली स्थिती म्हणजे वाफसा. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीतील सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात. १९८० साली कॅलिफोर्नियातील ब्रॅडफर्ड आणि यांग या शास्त्रज्ञांनी टोमॅटोवरच प्रयोग करून यामागची एक सुंदर साखळी उलगडली. गुदमरलेल्या मुळांत एसीसी नावाचे द्रव्य साठते. ऑक्सिजनअभावी त्याचे तिथे पुढे काही होत नाही. ते पाण्याबरोबर वर पानांत जाते. तिथे ऑक्सिजन मिळाल्यावर त्यापासून इथिलीन हा वायू बनतो. त्याच्या परिणामाने पानाच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वाकते. मुळांनी पानांना पाठवलेली ही जणू तारच!

तहानलेले आणि गुदमरलेले झाड ओळखायचे कसे? बोट मातीत दोन पेरे खुपसा. माती कोरडी असेल, तर पाणी द्या. तासाभरात पाने उभी राहतील. माती ओली असेल, तर पाणी थांबवा आणि कुंडीचे भोक मोकळे करा.

मातीत वाफसा असूनही झाड दुपारी मलूल पडत असेल, तर एखादे रोप उपटून मुळे पाहा. मुळांवर गाठी दिसतील. त्या पाहून “कडधान्यांसारख्या नत्राच्या गाठी!” म्हणून आनंद मानू नका. कडधान्यांच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज निघतात. टोमॅटोवर दिसते ते मूळच सुजलेले असते. हे काम सूत्रकृमींचे. तीच माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरचीसाठी वापरू नये. त्या जागी हंगामभर झेंडू लावावा. त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना घातक असतात.

पाने गोळा झाली

पाने वळण्याची दोन अगदी वेगळी कारणे आहेत. कडक उन्हात झाडाची खालची, जुनी पाने कडांनी वर वळतात, नळीसारखी होतात. रंग हिरवाच राहतो आणि झाड वाढत असते. ही पाणी वाचवण्याची युक्ती आहे. काळजीचे कारण नाही.

परंतु शेंड्याची कोवळी पाने लहान, सुरकुतलेली, कडांना पिवळी होऊन गोळा होत असतील, पेरे आखूड होऊन झाड झुडपासारखे दिसत असेल, तर तो पर्णगुच्छ रोग होय. शेतकरी त्याला बोकड्याही म्हणतात. भारतात त्याचे शास्त्रीय वर्णन वासुदेव आणि सॅम राज यांनी १९४८ साली केले. तो विषाणूमुळे होतो आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. ही माशी जेमतेम एक मिलिमीटर लांब. फांदी हलवली, की पानाखालून पिठाचे कण उडावेत तशा त्या उडतात. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी निरोगी झाडावर बसली, की विषाणू तिथे पोचतो.

विषाणू पेशींच्या आत राहतो. झाडावर कोणतेही औषध फवारून तो निघत नाही. रोप लहान असताना लागण झाली, तर फळाची आशा सोडावी आणि ते उपटून नष्ट करावे. वाईट वाटले तरी शेजारच्या झाडांसाठी ते आवश्यक आहे. खरा उपाय आधीचा आहे. रोपे लहान असताना त्यांवर मलमलीसारखे बारीक विणीचे कापड घाला. मच्छरदाणी चालणार नाही. तिच्या भोकांतून ही माशी सहज जाते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून झाडाजवळ टांगा. पिवळ्या रंगाकडे आकर्षित झालेल्या माश्या त्याला चिकटतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘अर्क रक्षक’सारख्या संकरित जाती या रोगाला बऱ्याच प्रमाणात तोंड देतात.

बी कुठले?

बाजारातल्या देखण्या टोमॅटोचे बी काढून लावले आणि फळे निराळीच आली, असा अनुभव पुष्कळांना येतो. बाजारातील बरेच टोमॅटो संकरित जातींचे असतात. मेंडेलचे नियम आठवा. संकरित झाडाच्या बियांपासून येणाऱ्या पुढील पिढीत गुण वेगळे होतात. एक झाड उंच, एक ठेंगणे. एकाची फळे गोल, दुसऱ्याची लांबट. एक रोगाला टिकणारे, दुसरे नाही. फसवणूक कोणी केलेली नसते. तो आनुवंशिकतेचा नियमच आहे. बी राखून ठेवायचे असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ यांसारख्या सरळ वाणांचे घ्यावे.

आणि एप्रिलमध्ये फळे लाल न होता पिवळट-नारिंगीच राहिली, तर? लाल रंग देणारे लायकोपीन सुमारे ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळे-नारिंगी कॅरोटिन मात्र होत राहते. रंग बदलू लागलेली फळे तोडून घरात सावलीत ठेवा. ती जास्त लाल होतील.

वर्गासाठी एक प्रयोग

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग जरूर करा. एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली बारा रोपे सारख्या कुंड्यांत घ्या. तीन-तीन कुंड्यांचे चार गट करा.

पहिला गट: पूर्ण ऊन, शेणखत, नियमित पाणी, फुलांना रोज टिचकी.
दुसरा गट: सर्व पहिल्यासारखे, फक्त दर आठवड्याला चहाचा अर्धा चमचा युरिया पाण्यात विरघळवून.
तिसरा गट: सर्व पहिल्यासारखे; फक्त ऊन दिवसाला तीनच तास.
चौथा गट: सर्व पहिल्यासारखे, फक्त पाणी चार दिवसांनी एकदम.

दर आठवड्याला उंची, फुले, गळालेली फुले, धरलेली फळे आणि काळ्या बुडाची फळे मोजा. किमान व कमाल तापमान रोज लिहा. शंभर फुलांमागे किती फळे धरली, ते प्रत्येक गटासाठी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या प्रयोगाचा प्राण आहे. खत, पाणी आणि जागा एकदम बदलली, तर झाड सुधारले तरी कशामुळे, ते कळणार नाही. प्रत्येक गटात एकच कुंडी का नको, यावरही वर्गात चर्चा करा.

कुंडीपासून शेतापर्यंत

घरची चार फुले गळाली, तर आपले नुकसान एका कोशिंबिरीचे होते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव किंवा नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथील बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र तोच प्रश्न वर्षाच्या कमाईचा असतो. २०२३ च्या मे महिन्यात भाव इतके कोसळले होते, की नाशिक भागातील काही शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत देशातील अनेक शहरांत तोच टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या पलीकडे गेला. पडलेल्या भावामुळे पिकाकडे झालेले दुर्लक्ष, उन्हाळ्याचा तडाखा, विषाणूजन्य रोग आणि पाऊस अशी अनेक कारणे एकत्र आली होती. आता तुम्हाला त्यांतील दुवा सहज कळेल. रोप लावल्यापासून फळ बाजारात येईपर्यंत दोन-अडीच महिने जातात. बाजारात आज दिसणारा तुटवडा शेतात कित्येक आठवडे आधीच ठरलेला असतो, कुणाच्या लक्षात न आलेल्या एखाद्या उष्ण रात्री, कळीच्या आत.

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, आणि रात्रीही तापत आहेत. म्हणून उष्ण रात्रीतही जोमदार पराग देणारे वाण शोधणे हा आज कृषिशास्त्रज्ञांपुढचा खरा प्रश्न आहे. कदाचित तुमच्यापैकीच कोणी उद्या त्यावर काम करील. त्यासाठी लागणारी पहिली साधने मात्र आजच तुमच्याजवळ आहेत: एक भिंग, एक तापमापी, एक वही आणि न तपासता औषध न देण्याचा निश्चय.